द्राक्षघडाच्या तीन वाटा

नवी मुंबईत तुर्भे येथे असलेला मुंबई कृषि उत्पन्न बाजार समितीचा फळ बाजार लोकांच्या बोलण्यात ‘एपीएमसी मार्केट’ या नावानेच रूढ झाला आहे. ही बाजार समिती १९७७ मध्ये स्थापन झाली. मुंबई शहरातील दाट वस्तीच्या पेठांमधून घाऊक व्यापार बाहेर काढण्याच्या धोरणानुसार १९८१ मध्ये कांदा-बटाटा बाजार येथे आला. महात्मा ज्योतिबा फुले मंडईतील घाऊक फळ व्यापाराचे स्थलांतर त्यानंतर १९९६ मध्ये झाले. आज राज्याच्या कानाकोपऱ्यातील फळबागायतदारांचा या आवाराशी या ना त्या रीतीने संबंध येतो.

जानेवारी ते एप्रिल हा येथील द्राक्षांचा मुख्य हंगाम होय. नाशिक, सांगली, सोलापूर, पुणे, अहिल्यानगर या जिल्ह्यांतून निघालेला माल रात्री व पहाटे गाळ्यांसमोर उतरतो. माथाडी कामगार पेट्या उतरवितात, आडतदार माल दाखवितात, भाव ठरतो आणि दिवस वर येण्यापूर्वी बहुतेक माल किरकोळ विक्रेत्यांच्या हाती जातो. मार्चअखेर कोकणातील हापूसची आवक वाढू लागली की गिऱ्हाईक आंब्याकडे वळते आणि द्राक्षाचा भाव उतरतो.

आंबा आणि द्राक्ष एकाच आवारात शेजारी शेजारी विकले जात असले, तरी त्यांच्या स्वभावात मोठा फरक आहे. कच्चा आंबा तोडून अढीत घातला तर पिकतो. द्राक्ष तोडल्यानंतर पिकत नाही. वेलीवर जेवढी गोडी भरली तेवढीच कायम राहते. तोडणीनंतर देठ सुकू लागतो, मणी मऊ पडतात आणि घडातून मणी गळू लागतात. म्हणूनच आवक वाढून भाव कोसळला की बागायतदाराला माल रोखून धरता येत नाही. मिळेल त्या भावाची पट्टी पत्करावी लागते.

अशा वेळी गावोगावी एक प्रश्न हमखास विचारला जातो. फ्रान्स, इटली, स्पेन या देशांत द्राक्षापासून वाइन होते व ती वर्षानुवर्षे टिकते. मग महाराष्ट्रातील उरलेल्या द्राक्षांची वाइन का करू नये? प्रश्न रास्त आहे. परंतु त्याचे उत्तर समजण्यासाठी जगातील द्राक्षशेतीचा इतिहास आणि आपल्या वेलीचे वेगळेपण ही दोन्ही पाहावी लागतात.

नाशवंत फळ आणि टिकाऊ पदार्थ

द्राक्षाच्या मण्यात सुमारे चार पंचमांश पाणी असते, आणि उरलेल्या भागात साखरेचे प्रमाण मोठे असते. असे फळ टिकविण्याचे तीन मार्ग मनुष्याने शोधले. पहिला, त्यातील पाणी काढून टाकून बेदाणा करणे. दुसरा, रस आंबवून वाइन करणे. तिसरा मार्ग अलीकडचा असून तो म्हणजे फळ गार ठेवून ताज्या स्थितीत दूरच्या बाजारपेठेत नेणे. जगातील द्राक्षप्रदेशांची घडण यांपैकी कोणता मार्ग कोठे सोयीचा ठरला यावरून झालेली दिसते.

वाइनचा मार्ग अत्यंत प्राचीन आहे. कॉकेशस पर्वताच्या दक्षिणेस असलेल्या जॉर्जिया देशात सुमारे ८,००० वर्षांपूर्वीच्या मातीच्या रांजणांच्या तुकड्यांवर द्राक्षाच्या वाइनचे रासायनिक अवशेष आढळले आहेत. त्या देशात ‘क्वेव्री’ नावाचे मोठे रांजण जमिनीत पुरून त्यात रस आंबविण्याची पद्धत आजही चालू असून, २०१३ मध्ये युनेस्कोने तिचा अमूर्त सांस्कृतिक वारशात समावेश केला. शेजारच्या आर्मेनियात अरेनी येथील गुहेत सुमारे ६,००० वर्षांपूर्वीची द्राक्षे तुडविण्याची जागा व रस साठविण्याचे रांजण सापडले. इजिप्तचा राजा तुतनखामेन याच्या थडग्यातील वाइनच्या कुंभांवर तर वर्ष, मळा आणि मुख्य कारागिराचे नाव अशा नोंदी आहेत. माल कोठला व कोणाचा हे सांगण्याची गरज तेव्हाही भासत होती, हे यावरून लक्षात येते.

महाराष्ट्राचा या व्यापाराशी जुना संबंध आहे. इसवी सनाच्या पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतील प्रवासवर्णनात भडोच बंदरात येणाऱ्या मालामध्ये इटलीच्या वाइनचा उल्लेख असून, त्याच ग्रंथात पैठण, तेर आणि कल्याण यांचीही नावे आहेत. अहिल्यानगर जिल्ह्यातील नेवासे येथील उत्खननात आणि नवी मुंबईच्या समोर खाडीत असलेल्या घारापुरी बेटावर ‘अँफोरा’ म्हणजे दोन कानांच्या भूमध्यसागरी कुंभांची खापरे मिळाली आहेत. आज जेथून महाराष्ट्राचे द्राक्ष परदेशी जाते, त्याच किनाऱ्यावर दोन हजार वर्षांपूर्वी परदेशी वाइनचे कुंभ उतरत होते.

दख्खनच्या पठारावरील द्राक्षवेलीचा जुना पुरावा दौलताबादचा आहे. चौदाव्या शतकात तेथे आलेला प्रवासी इब्न बतूता याने येथील द्राक्षे व डाळिंबे वर्षातून दोनदा फळतात, अशी नोंद केली आहे. थंड देशांतील वेल वर्षातून एकदाच फळते. त्यामुळे त्याला या गोष्टीचे नवल वाटले असावे. या नोंदीत महाराष्ट्राच्या द्राक्षशेतीचे मर्म आहे, हे पुढे दिसून येईल.

जगातील द्राक्षप्रदेश

जगातील प्रसिद्ध वाइनप्रदेश बहुतांशी विषुववृत्तापासून ३० ते ५० अंश अक्षांशांच्या दोन पट्ट्यांत आहेत. उत्तरेकडे फ्रान्स, इटली, स्पेन, पोर्तुगाल, जर्मनी व कॅलिफोर्निया. दक्षिणेकडे चिली, अर्जेंटिना, दक्षिण आफ्रिका व ऑस्ट्रेलिया. तेथे हिवाळ्यात वेलीची पाने गळतात, वेल निद्रिस्त होते, वसंतात फुटते आणि उन्हाळा संपताना फळ पिकते. वर्षातून एक छाटणी, एक पीक असा तेथील क्रम आहे.

प्रत्येक प्रदेशाने आपल्या जमिनीस व हवेस जुळणारी जात निवडली. जर्मनीत मोझेल नदीच्या काठी पाटीच्या दगडाच्या उभ्या उतारांवर रीसलिंग, फ्रान्समधील बोर्डो परिसरात कॅबरने सॉव्हिन्यो व मेर्लो, अर्जेंटिनात अँडीज पर्वताच्या बर्फाचे पाणी पाटाने आणून फुलविलेल्या मेंदोझाच्या बागांत माल्बेक. दक्षिण आफ्रिकेत केप येथे डच वसाहतीने पहिला रस काढला तो १६५९ मध्ये.

गावाच्या नावाने माल विकला जाऊ लागताच बनावट मालही आला, आणि त्यातून कायदे निर्माण झाले. पोर्तुगालमध्ये दोरू नदीच्या खोऱ्याची सीमा १७५६ मध्ये आखण्यात आली. फ्रान्समध्ये १८५५ साली बोर्डोच्या मळ्यांची प्रतवारी झाली, आणि १९३५ पासून मूळस्थानाच्या नावाला देशव्यापी कायदेशीर संरक्षण मिळाले. आपल्याकडे १९९९ च्या भौगोलिक निर्देशन कायद्याचे तत्त्व हेच आहे. त्या कायद्याखाली नाशिकची द्राक्षे, नाशिक व्हॅली वाइन आणि सांगलीचा बेदाणा यांची नोंदणी झाली आहे.

बोर्डो हे नाव महाराष्ट्रातील बागायतदारास अपरिचित नाही. मात्र ते त्याला वाइनमुळे माहीत नसून मोरचूद व चुना यांच्या निळ्या फवाऱ्यामुळे माहीत आहे. तेथील काही मळेवाले रस्त्याकडेच्या वेलींवर वाटसरूंनी द्राक्षे तोडू नयेत म्हणून हे मिश्रण शिंपडीत. त्या वेलींवर केवडा रोग कमी दिसतो हे मिलार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञाच्या ध्यानात आले, आणि १८८५ मध्ये त्याने बोर्डो मिश्रणाची माहिती प्रसिद्ध केली. आज तासगाव किंवा निफाड तालुक्यातील शेतकरी हे मिश्रण स्वतः तयार करतो.

याच शतकातील दुसरी देणगी संकटातून मिळाली. अमेरिकेतून गेलेल्या फायलोक्झेरा नावाच्या सूक्ष्म किडीने १८६० नंतर युरोपातील वेलींची मुळे पोखरली आणि बागांमागून बागा नष्ट झाल्या. अमेरिकन रानवेलीची मुळे या किडीस दाद देत नाहीत, हे कळल्यावर त्या मुळांवर युरोपीय वेलीचे कलम करण्याची पद्धत रूढ झाली. महाराष्ट्रात हेच तंत्र वेगळ्या कारणासाठी उपयोगी पडले. अवर्षण आणि क्षारयुक्त पाणी यांना तोंड देण्यासाठी येथील बागायतदार ‘डॉगरिज’ या अमेरिकन खुंटावर कलमे करतात.

महाराष्ट्राची वेल

नाशिक सुमारे २० अंश आणि सांगली सुमारे १७ अंश उत्तर अक्षांशावर आहे. येथे वेल निद्रिस्त होण्याइतकी थंडी पडत नाही. वेल सतत वाढत राहते, आणि तिला वळण लावण्याचे काम शेतकऱ्याच्या कात्रीला करावे लागते. म्हणून येथे दोन छाटण्या करतात. एप्रिलच्या सुमारास खरड छाटणी होते. या छाटणीनंतर आलेल्या काड्यांत उन्हाळ्यात सूक्ष्म घड तयार होतात. ऑक्टोबरच्या सुमारास गोडी छाटणी होते, आणि त्या काडीवर फळ येते. इब्न बतूताने पाहिलेली दोन बहरांची वेल आज दोनदा छाटून एका उत्तम पिकासाठी राखली जाते. विषुववृत्तापासून अवघ्या ९ अंशांवर असलेल्या ब्राझीलमधील साओ फ्रान्सिस्को नदीच्या खोऱ्यातही छाटणी व पाणी यांच्या नियंत्रणाने द्राक्षे घेतली जातात. आपली तुलना फ्रान्सपेक्षा अशा प्रदेशांशी अधिक योग्य ठरेल.

महाराष्ट्रात पूर्वी भोकरी, फकडी यांसारख्या बियांच्या जाती होत्या. पुण्याच्या गणेशखिंड फळ संशोधन केंद्रात ‘चीमा साहेबी’ ही जात तयार झाली. खरा पालट झाला तो बिनबियांच्या ‘थॉम्पसन सीडलेस’ या जातीने. ही मूळची पश्चिम आशियातील किशमिश. कॅलिफोर्नियात १८७० नंतर विल्यम थॉम्पसन या बागायतदाराने तिचा प्रसार केल्याने त्याचे नाव तिला चिकटले. येथील शेतकऱ्यांनी बिनबियांच्या वेलींतील निराळ्या फांद्या हेरून नव्या जाती निवडल्या. तासगाव तालुक्यातील बोरगावचे वसंतराव आर्वे यांची ‘तास-ए-गणेश’ आणि सोलापूर जिल्ह्यातील नान्नजचे नानासाहेब काळे यांच्या ‘सोनाका’ व काळ्या रंगाची ‘शरद सीडलेस’ या जाती सर्वत्र पसरल्या. १९६० मध्ये स्थापन झालेला महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागायतदार संघ आणि १९९७ मध्ये पुण्याजवळ मांजरी येथे सुरू झालेले राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र यांनी या ज्ञानाची देवाणघेवाण वाढविली. आज देशातील द्राक्ष उत्पादनाचा दोन तृतीयांशाहून अधिक भाग महाराष्ट्राचा आहे.

तथापि हे सर्व प्रयत्न एका विशिष्ट हेतूने झाले, हे विसरून चालणार नाही. मणी मोठा व्हावा, साल पातळ असावी, बी नसावी, घड देखणा दिसावा, हा तो हेतू होय. त्यासाठी जिबरेलिक आम्लाच्या द्रावणात घड बुडविले जातात, विरळणी केली जाते. द्राक्ष खाण्यासाठी तयार करण्याचे हे शास्त्र आहे.

खाण्याचे द्राक्ष, वाइनचे द्राक्ष

वाइनचे द्राक्ष याच्या नेमके उलट असते. मणी लहान, साल जाड, आत बिया. वाइनचा रंग, तुरटपणा व सुवास बहुतांशी सालीतून येतो. मणी लहान असला की रसाच्या मानाने सालीचे प्रमाण वाढते. म्हणूनच लहान मण्याला तेथे मोल आहे.

वाइन करण्याची क्रिया तत्त्वतः सोपी आहे. द्राक्षे चिरडून रस काढला की किण्व, म्हणजे यीस्ट, त्यातील साखरेचे मद्यार्क व कार्बन डायऑक्साइड यांत रूपांतर करते. तांबड्या वाइनसाठी रस सालींसह आंबवितात, पांढरीसाठी साली आधीच वेगळ्या करतात. एक लिटर रसातील सुमारे १७ ग्रॅम साखरेपासून एक टक्का मद्यार्क तयार होतो. साधारण १२ टक्के मद्यार्कासाठी रसात लिटरमागे दोनशे ग्रॅमांहून अधिक साखर हवी. खाण्याची द्राक्षे एवढी साखर भरण्यापूर्वीच तोडली जातात. मोठ्या मण्यातील पातळ रस आंबविता येतो. पण त्याची वाइन बेचव होते आणि तिला किंमत येत नाही. जेथे अशा द्राक्षांचा रस आंबवितात, तेथे तो बहुधा स्वस्त मिश्रणासाठी किंवा ऊर्ध्वपातनासाठी वापरला जातो.

याचा अर्थ असा की तुर्भ्याच्या बाजारात न खपलेली थॉम्पसनची पेटी वाइनरीच्या दारात नेऊन प्रश्न सुटत नाही. वाइनसाठी शेनिन ब्लांक, सॉव्हिन्यो ब्लांक, शिराझ, कॅबरने सॉव्हिन्यो अशा वेगळ्या जाती लावाव्या लागतात. त्यांचे एकरी उत्पादन गुणवत्तेसाठी मुद्दाम मर्यादित ठेवतात, आणि त्यांना खुल्या बाजारात गिऱ्हाईक नसते. वाइनरीने माल नाकारला, तर तो खाण्याच्या बाजारात खपत नाही.

धोरण आणि अनुभव

राज्यात आधुनिक पद्धतीची वाइन १९८० च्या दशकात पुणे जिल्ह्यातील नारायणगाव येथे तयार होऊ लागली. नाशिकजवळ गंगापूर धरणाच्या परिसरात १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात वाइनच्या जातींची लागवड झाली. २००१ मध्ये राज्य शासनाने द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण जाहीर केले. या धोरणान्वये उत्पादन शुल्कात सवलती देण्यात आल्या. नाशिक जिल्ह्यात विंचूर येथे गोदावरी आणि सांगली जिल्ह्यात पलूस येथे कृष्णा असे दोन वाइन पार्क उभारण्यात आले. अनेक शेतकऱ्यांनी उत्साहाने वाइनच्या वेली लावल्या.

पुढे २००८ मध्ये जागतिक मंदी आली, आणि नोव्हेंबरमधील मुंबईवरील हल्ल्यानंतर पर्यटन व हॉटेल व्यवसाय मंदावला. वाइनची मागणी घटली. टाक्या आधीच भरलेल्या असल्याने खरेदी रोडावली, आणि अनेक बागायतदारांना लावलेल्या वेली उपटाव्या लागल्या. उद्योग पुढे सावरला. नाशिक परिसरातील वाइनला देशात नाव मिळाले आणि त्याभोवती कृषि पर्यटनही वाढले. परंतु राज्यातील एकूण द्राक्षांपैकी वाइनकडे जाणारा भाग आजही फार लहान आहे.

या प्रश्नाला सामाजिक बाजूही आहे. संविधानाच्या अनुच्छेद ४७ मध्ये मद्यनिषेधाचे मार्गदर्शक तत्त्व आहे, आणि वाइनही राज्याच्या १९४९ च्या दारूबंदी अधिनियमाच्या कक्षेत येते. वर्धा व गडचिरोली या जिल्ह्यांत दारूबंदी आहे. जानेवारी २०२२ मध्ये मोठ्या किराणा दुकानांतून वाइनविक्रीस परवानगी देण्याचा निर्णय मंत्रिमंडळाने घेतला, तेव्हा त्यास मोठा विरोध झाला आणि तो अंमलात आला नाही. शेतकऱ्याचे उत्पन्न आणि समाजाचे आरोग्य या दोन्ही गोष्टी विचारात घेऊनच या मार्गाची मर्यादा ठरवावी लागेल.

वाइनच्या देशांतही शेतकरी निश्चिंत आहे असे नाही. १९०७ मध्ये दक्षिण फ्रान्समध्ये अतिउत्पादन व भेसळ यांमुळे भाव कोसळून लाखो द्राक्ष उत्पादक रस्त्यावर आले होते. दक्षिण ऑस्ट्रेलियात १९८० च्या दशकाच्या मध्यास शासनाने वेली उपटण्यासाठी अनुदान दिले. फ्रान्सने २०२३ मध्ये अतिरिक्त वाइनचे ऊर्ध्वपातन करण्यासाठी २० कोटी युरोंची तरतूद केली. टिकाऊ पदार्थालाही गिऱ्हाईक लागते, एवढाच त्याचा बोध. याउलट छोट्या उत्पादकांनी एकत्र येऊन तग धरल्याची उदाहरणेही तेथे आहेत. जर्मनीत आर नदीच्या खोऱ्यात मायशोस येथील उत्पादकांनी १८६८ मध्ये सहकारी संस्था काढली. महाराष्ट्रातील सहकारी साखर कारखानदारी ज्या विचारावर उभी राहिली, तोच हा विचार होय.

बेदाणा : जवळची वाट

खाण्याच्या द्राक्षाला खरा आसरा देणारा प्रक्रिया उद्योग बेदाण्याचा आहे. थॉम्पसन व तिच्यापासून निवडलेल्या जाती मुळातच बेदाण्यास योग्य आहेत. पोटॅशियम कार्बोनेट आणि ‘डिपिंग ऑइल’ यांच्या द्रावणात घड बुडविले की सालीवरील मेणाचा थर सैल होतो व पाणी लवकर निघून जाते. भूमध्य समुद्राच्या काठी प्राचीन काळी राखेचे पाणी व ऑलिव्हचे तेल वापरून हेच साधले जाई. नंतर सावलीच्या शेडमध्ये जाळीच्या रॅकवर घड पसरून वाळवितात. सुमारे चार किलो द्राक्षांपासून एक किलो बेदाणा मिळतो.

कवठेमहांकाळ, जत, सांगोला या तालुक्यांतील कोरडा वारा या कामास अनुकूल आहे. एके काळी अवर्षणामुळे ओसाड वाटणाऱ्या माळांवर आज बेदाण्याची शेडे उभी आहेत. सांगली व तासगाव येथील बाजारपेठांत त्याचे सौदे होतात, आणि शीतगृहात ठेवल्यास बेदाणा अनेक महिने टिकतो. सांगलीच्या बेदाण्यास २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. तरीही या वाटेवर धोका आहेच. वाळवणीच्या दिवसांत अवेळी पाऊस झाला की माल काळा पडतो. सर्वांनीच एकदम बेदाणा केला, तर त्याचाही भाव उतरतो.

परदेशची वाट

तिसरी वाट तुर्भ्यापासून जवळच असलेल्या जवाहरलाल नेहरू बंदरातून जाते. हे बंदर १९८९ मध्ये कार्यान्वित झाले. १९९१ मध्ये बागायतदारांच्या सहकारी संस्थांनी मिळून ‘महाग्रेप्स’ ही निर्यात संस्था स्थापन केली. तोडलेले द्राक्ष काही तासांत पूर्वशीतकरण करून, शून्य अंशाच्या जवळपास तापमानात, गंधकयुक्त कागद घातलेल्या पेट्यांतून शीतवाहू कंटेनरने युरोपला जाऊ लागले. आज नाशिक जिल्ह्यातील मोहाडीची ‘सह्याद्री फार्म्स’ ही शेतकरी उत्पादक कंपनी या क्षेत्रातील अग्रेसर संस्था आहे.

ही वाट जितकी लाभाची तितकीच कडक शिस्तीची आहे. २००३ मध्ये कीडनाशकांच्या अंशांमुळे युरोपात माल अडला. त्यानंतर ‘अपेडा’ने ‘ग्रेपनेट’ ही नोंदणीपद्धती सुरू केली. तिच्यामुळे पेटीवरील क्रमांकावरून माल कोणत्या गटातील कोणत्या बागेचा आहे हे शोधता येते. तरीही २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाचे अंश सापडून निर्यातदार व शेतकरी यांना जबर तोटा सोसावा लागला. त्याआधी नोव्हेंबर २००९ मधील फयान वादळाच्या पावसाने केवडा रोग पसरून बागांचे नुकसान झाले होते. एकाच हंगामात निसर्ग व बाजार यांचा असा दुहेरी आघात झाला.

देशातील व्यापारातही बदल झाले. जुलै २०१६ मध्ये राज्याने फळे व भाजीपाला नियमनमुक्त केला आणि आडत शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घेण्याचे ठरविले. बागेच्या बांधावर व्यवहार करण्याची मोकळीक त्यामुळे वाढली. मात्र बांधावर उधारीने माल घेऊन पैसे बुडविणाऱ्या व्यापाऱ्यांविषयी तक्रारी द्राक्षपट्ट्यात वारंवार ऐकू येतात. लेखी सौदापावती, खरेदीदाराची ओळख आणि शक्यतो रोख व्यवहार यांचा आग्रह धरणे आवश्यक आहे.

निर्णय केव्हा घ्यावयाचा?

या सर्व विवेचनातून एक गोष्ट स्पष्ट होते. द्राक्षाची वाट तोडणीच्या दिवशी निवडता येत नाही. वाइनसाठी जात लागवडीच्या वेळी निवडावी लागते, आणि तीही खरेदीचा लेखी करार हातात असताना. निर्यातीसाठी बागेची नोंदणी हंगामाच्या आरंभी करावी लागते व पहिल्या फवारणीपासून नोंदवही ठेवावी लागते. बेदाण्यासाठी शेड, जाळ्या व शीतगृहातील जागा यांची सोय आधी हवी. ज्याने यांपैकी काहीच केलेले नाही, त्याच्यासमोर भाव पडल्यावर केवळ स्थानिक बाजार उरतो.

या कामी ग्रामपंचायतींना बरेच करता येईल. गावात कोणत्या जातीची किती बाग आहे, तोडणी कोणत्या आठवड्यांत येते आणि बेदाण्याची सोय किती मालाची आहे, यांची साधी नोंद ग्रामसभेपुढे ठेवली, तर सर्वांची तोडणी एकाच वेळी येणार असल्याचे आधीच लक्षात येईल. त्यानुसार छाटणीच्या तारखा पुढे-मागे करता येतात. जालना जिल्ह्यातील कडवंची गावाने पाणलोट विकास व शेततळी यांच्या आधारे कोरडवाहू शिवारात द्राक्षबागा उभ्या केल्या. पाण्याचा हिशेब गावाने मिळून केला तर काय साधते, याचे ते उदाहरण आहे.

कृषि विभागाच्या क्षेत्रीय अधिकाऱ्यांनी बागांची निर्यात नोंदणी, औषधांच्या वापराची अनुज्ञेय मर्यादा आणि हवामानावर आधारित फळपीक विमा योजनेची अंतिम तारीख यांची माहिती छाटणीपूर्वीच गावात पोहोचविणे अगत्याचे आहे. शिक्षकांच्या दृष्टीनेही द्राक्ष हा एक उत्तम पाठ आहे. भूगोलात अक्षांश, विज्ञानात किण्वन, इतिहासात घारापुरीची खापरे आणि गणितात आडतीची पट्टी, हे सारे एका घडातून शिकविता येते. पट्टीवरील वजन, भाव व वजावट यांचा ताळा घेता येणारी मुलगी किंवा मुलगा घरात असला, तर त्या कुटुंबाची फसवणूक करणे कठीण जाते.

वाइनप्रदेशांनी शेकडो वर्षांत आपल्या मातीला साजेशी एक वाट पक्की केली. महाराष्ट्राच्या हाती तीन वाटा आहेत, आणि तिन्ही आपापल्या जागी उपयोगाच्या आहेत. त्यांतील आपली कोणती, हे ऑक्टोबरमध्ये छाटणीची कात्री हाती घेण्यापूर्वी ज्याने ठरविले, त्याला मार्चमधील पडत्या भावातही काही आधार राहील.